क्षयरोगाच्या संसर्गाची साखळी जीवाणूच्या जीनोमवरून कशी शोधावी

एखाद्या तालुक्यात वर्षभरात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाचे पाच रुग्ण सापडले, तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, हे रुग्ण एकमेकांच्या सहवासातून बाधित झाले, की प्रत्येकाला हा आजार वेगळ्या ठिकाणी आणि कदाचित वेगळ्या दशकात जडला? पहिली शक्यता खरी असेल, तर गावात कुठेतरी संसर्ग आजही चालू आहे आणि ती जागा शोधून तेथील माणसांची तपासणी करावी लागेल. दुसरी शक्यता खरी असेल, तर प्रत्येक रुग्णाचे घर, त्याचे पूर्वीचे उपचार आणि ते अर्धवट सुटले असल्यास त्यामागची कारणे पाहावी लागतील. मनुष्यबळ मोजकेच असते, त्यामुळे कोणत्या दिशेने ते लावायचे याचे उत्तर लवकर आणि खात्रीने मिळणे महत्त्वाचे ठरते.

क्षयाच्या जीवाणूचा, म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसचा, जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा संपूर्ण क्रम, सुमारे ४४ लाख अक्षरांचा (डीएनएच्या ए, सी, जी, टी या घटकांचा) आहे. एच३७आरव्ही या प्रयोगशाळेत सांभाळलेल्या प्रकाराचा संपूर्ण क्रम १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि आजही बहुतेक ठिकाणी तोच संदर्भ म्हणून वापरला जातो. हा जीवाणू फार सावकाश बदलतो. त्याच्या संपूर्ण जीनोममध्ये सरासरी दोन-तीन वर्षांत एखादे अक्षर बदलते. म्हणून दोन रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंमध्ये किती अक्षरांचा फरक आहे हे मोजले, की त्यांचा समान पूर्वज किती जुना असावा याचा अंदाज बांधता येतो. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी: या पद्धतीचा नकार जवळजवळ ठाम असतो, तर तिचा होकार नेहमी अटींसह येतो. शेकडो अक्षरांचा फरक दिसला, तर त्या दोन रुग्णांमध्ये अलीकडचा संसर्ग झालेला नाही असे निःशंकपणे सांगता येते. दोनच अक्षरांचा फरक दिसला, तर तपासाला तेथून सुरुवात होते.

नमुने आणि नोंदी

सर्वांत मोठी चूक यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होते, आणि ती म्हणजे केवळ संशयित रुग्णांचेच नमुने घेणे. पाच रुग्णांचे जीवाणू एकमेकांच्या जवळचे निघाले, तरी त्या जिल्ह्यात हाच प्रकार सगळीकडे पसरलेला असेल, तर त्या जवळिकीला फारसा अर्थ उरत नाही. विशेषतः जेथे एकाच प्रदेशातून मोठ्या संख्येने कामगार स्थलांतर करून येतात, तेथे ती जवळीक त्यांच्या मूळ गावातच निर्माण झालेली असू शकते. म्हणून त्याच जिल्ह्यातील, त्याच दोन-तीन वर्षांतील, औषधांना दाद देणाऱ्या रुग्णांचेही शक्य तेवढे नमुने पार्श्वभूमी म्हणून घ्यावेत. भारतात हे अधिकच आवश्यक आहे, कारण येथे क्षयाच्या जीवाणूची निरनिराळी घराणी एकत्र नांदतात: दक्षिणेत पहिले, म्हणजे हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरलेले घराणे प्रबळ आहे, तर उत्तरेत तिसरे, आणि मुंबईसारख्या शहरात या दोहोंबरोबर बीजिंग या नावाने ओळखले जाणारे दुसरे घराणेही आढळते.

प्रत्येक नमुन्यासोबत थुंकी घेतल्याची तारीख, खोकला सुरू झाल्याचा अंदाजे महिना, सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली जीवाणूंची श्रेणी, पूर्वीच्या उपचारांचा तपशील, राहण्याचे आणि कामाचे ठिकाण, आणि मागील दोन-तीन वर्षांतील मुक्काम यांची नोंद असावी. कामाचे ठिकाण ही नोंद सर्वाधिक वेळा राहून जाते. नोंदवहीत पत्ता असतो, पण क्षयाचा संसर्ग पत्त्यावरून होत नाही. बंद हवेत एकत्र घालवलेल्या तासांवरून होतो. यंत्रमागाची रात्रपाळी, शिलाईचा कारखाना, वसतिगृहाची खोली, तुरुंगाची बराक, गावातील दारूचे दुकान या जागा पत्त्याच्या रकान्यात कधीच येत नाहीत, म्हणून त्यांबद्दल वेगळे आणि सहानुभूतीने विचारावे लागते.

थेट थुंकीतून संपूर्ण जीनोम वाचणे अजूनही अवघड आहे, कारण तिच्यात माणसाचा आणि तोंडातील इतर जीवाणूंचा डीएनए भरपूर असतो. त्यामुळे बहुतेक प्रयोगशाळा आधी द्रव माध्यमात जीवाणू वाढवतात, आणि त्याला काही आठवडे लागतात. हे काम उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच व्हावे. घन माध्यमावर वाढ केली असल्यास एकच वसाहत उचलू नये. सगळ्या वाढीतून नमुना घ्यावा, कारण रुग्णाच्या शरीरात जीवाणूचे एकापेक्षा अधिक उपप्रकार असू शकतात आणि तेच पुढे मोलाचा पुरावा ठरतात. पुनःपुन्हा उपसंवर्धन करणे, म्हणजे वाढीतून थोडे जीवाणू घेऊन नव्या माध्यमात वाढवणेही टाळावे. क्षयाच्या जीवाणूची भिंत मेणचट आणि चिवट असते, म्हणून उष्णतेने जीवाणू मारल्यानंतर बारीक मण्यांसह जोराने घुसळून ती फोडावी लागते. जीवाणू खरोखर मेले आहेत याची चाचणी प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःच्या पद्धतीवर करून घ्यावी. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांवर विसंबू नये.

क्रम वाचणे आणि त्याचा दर्जा तपासणे

संसर्गाच्या तपासासाठी इल्युमिना यंत्रावर १५० अक्षरांच्या जोड-रीड्स (रीड म्हणजे यंत्राने सलग वाचलेला डीएनएचा छोटा क्रम; जोड-रीड म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन्ही टोकांचे वाचन) काढणे हा आजही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. प्रत्येक अक्षर सरासरी शंभर वेळा वाचले जावे असे ठरवले, तर ४४ लाखांना शंभराने गुणून ४४ कोटी अक्षरे लागतात आणि त्यासाठी सुमारे १५ लाख जोड-रीड्स पुरतात. पन्नासपट डेप्थवरही (डेप्थ म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचले गेले) काम भागते, पण रुग्णाच्या शरीरातील अल्पसंख्य उपप्रकार पाहायचे असतील, तर शंभरपट असावीच. नॅनोपोरचे यंत्र लहान आणि सुटसुटीत आहे, त्याची अचूकता गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली आहे आणि लांब रीड्ससाठी त्याला तोड नाही. मात्र दोन यंत्रांवरचे निकाल एकाच तुलनेत मिसळायचे असल्यास काही नमुने दोन्हीवर वाचून फरक शून्य येतो याची खातरजमा करावी.

हाती आलेल्या रीड्सचा दर्जा प्रथम फास्टक्यूसी या संगणकीय साधनाने पाहावा आणि फास्टपीसारख्या साधनाने टोकाची निकृष्ट अक्षरे व वाचनासाठी जोडलेले कृत्रिम तुकडे (अडॅप्टर) छाटून टाकावेत. यंत्र प्रत्येक अक्षराला खात्रीचा गुणांक देते; गुणांक ३० याचा अर्थ हजारात एक चूक, हे प्रमाण नजरेसमोर ठेवावे. त्यानंतर क्राकेन-२ चालवून रीड्स कोणत्या जीवाणूच्या आहेत हे तपासावे, आणि ही पायरी कधीही गाळू नये. नमुन्यात दुसऱ्या मायकोबॅक्टेरियाची थोडीशी भेसळ असली, तरी त्याच्या रीड्स संदर्भ जीनोमच्या समान भागांवर जाऊन बसतात आणि प्रत्यक्षात नसलेले फरक दाखवतात. ज्या नमुन्यात जीनोमचा पंचाण्णव टक्क्यांहून कमी भाग पुरेशा डेप्थने वाचला गेला असेल, तो पुन्हा वाचून घ्यावा.

फरक मोजणे

रीड्स बीडब्ल्यूएने एच३७आरव्हीवर बसवाव्यात, सॅमटूल्सने त्यांची क्रमवारी लावावी आणि बीसीएफटूल्सने फरक काढावेत, हा रुळलेला मार्ग आहे. फरक स्वीकारण्याच्या अटी मात्र आधी लिहून ठेवाव्यात आणि निकाल पाहिल्यावर त्या बदलू नयेत. त्या जागेवर किमान दहा रीड्स असाव्यात, त्यांपैकी किमान नव्वद टक्के रीड्सनी तेच नवे अक्षर दाखवावे, आणि त्या दोन्ही दिशांच्या असाव्यात, या अटी सुरुवातीला पुरेशा आहेत.

क्षयाच्या जीवाणूत पीई आणि पीपीई या नावांच्या जनुकांची मोठी कुटुंबे आहेत. ती जीनोमचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात आणि त्यांतील क्रम एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की छोटी रीड नेमकी कोणत्या जागेची हे ठरवता येत नाही. हा भाग आणि इतर पुनरावृत्त भाग तुलनेतून वगळावा. औषधप्रतिकाराशी निगडित अक्षरेही वंशवृक्ष काढताना बाजूला ठेवावीत, कारण औषधाच्या दाबाखाली तोच बदल परस्परांशी संबंध नसलेल्या जीवाणूंमध्ये स्वतंत्रपणे घडतो. रिफॅम्पिसिनला निष्प्रभ करणारा आरपीओबी जनुकातील ४५० व्या स्थानाचा बदल जगभर असंख्य वेळा वेगवेगळा उद्भवला आहे. तो दोन रुग्णांमध्ये समान असणे हा नात्याचा पुरावा होत नाही.

औषधप्रतिकाराचे वाचन टीबी-प्रोफायलरसारख्या साधनाने स्वतंत्रपणे करावे आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्परिवर्तनांच्या सूचीशी ताडून पाहावे. ही सूची २०२१ मध्ये प्रथम निघाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. संपूर्ण जीनोम वाचण्याचा येथे एक थेट फायदा होतो. सीबीनॅट ही थुंकीवरची जलद जनुकीय चाचणी आरपीओबी जनुकाचा एक छोटा पट्टाच पाहते, त्यामुळे त्या पट्ट्याबाहेरील ४९१ व्या स्थानाचा बदल तिला दिसत नाही. आफ्रिकेतील एस्वातिनी देशात नेमका हाच बदल असलेला बहुऔषधप्रतिरोधक क्षय मोठ्या प्रमाणावर आढळला आहे.

आणखी एक सूक्ष्म पण घातक मुद्दा आहे. ज्या जागा एखाद्या नमुन्यात नीट वाचल्या गेल्या नाहीत, त्या काही साधने संदर्भ जीनोमसारख्याच गृहीत धरतात. परिणामी निकृष्ट नमुना सगळ्यांच्या जवळचा भासतो. म्हणून न वाचलेली जागा ‘अज्ञात’ अशीच नोंदवावी आणि प्रत्येक जोडीसाठी प्रत्यक्ष किती अक्षरे ताडली गेली, हा आकडा अंतरासोबत लिहावा.

अंतरांचा अर्थ लावणे

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील रुग्णांच्या नमुन्यांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पाच आणि बारा हे दोन आकडे रूढ झाले: पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असल्यास अलीकडचा संसर्ग संभवतो, बारांहून अधिक असल्यास तो संभवत नाही, आणि मधला पट्टा संदिग्ध. हे आकडे उपयोगी आहेत, परंतु ते अशा देशातून आले आहेत जेथे क्षय विरळ आहे आणि बहुतेक रुग्णांची नोंद होते. आपल्याकडे साखळीतील कितीतरी माणसे निदानाविनाच राहतात, आणि शरीरात सुप्त राहिलेला जीवाणू वर्षानुवर्षे फारसा न बदलता पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यामुळे तीन अक्षरांचा फरक म्हणजे याच वर्षीचा संसर्ग, असे समीकरण मांडू नये.

हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. सुरुवातीच्या पाच रुग्णांना क, ख, ग, घ आणि च म्हणू. क आणि च एकाच गल्लीत राहतात, दोघांचा औषधप्रतिकार सारखाच आहे आणि पर्यवेक्षकाने त्यांना एकाच साखळीत धरले आहे. जीनोम सांगतो की त्यांच्यात ३४० अक्षरांचा फरक आहे. येथे चर्चा संपते. शेजार असला तरी संसर्ग एकमेकांकडून झालेला नाही. क आणि ख यांच्यात मात्र एका अक्षराचा, ख आणि ग यांच्यात दोन अक्षरांचा, तर क आणि ग यांच्यात तीन अक्षरांचा फरक निघतो, आणि ग तर वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात राहतो. पुन्हा विचारणा केल्यावर कळते की हे तिघेही एका यंत्रमाग कारखान्यात वेगवेगळ्या महिन्यांत रात्रपाळीला होते. घ हा क पासून आठ, ख पासून नऊ आणि ग पासून अकरा अक्षरे दूर आहे. म्हणजे तो त्याच कुळातला आहे, पण त्याच्या आणि या तिघांच्या मध्ये बहुधा न सापडलेली माणसे आहेत.

आता दिशेचा प्रश्न. ख मधील नवे अक्षर ग मध्येही आहे आणि क मध्ये नाही, त्यामुळे जीवाणू क कडून ख कडे आणि तेथून ग कडे गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण क च्या फाइलमध्ये नेमकी ती जागा उघडून रीड्स एकेक करून पाहाव्यात. समजा, तेथील ९२ रीड्सपैकी ७१ जुने अक्षर दाखवतात आणि २१ नवे. नव्वद टक्क्यांच्या अटीमुळे हे मिश्रण यादीत कुठेच आले नव्हते, पण त्याचा अर्थ मोठा आहे: तो बदल क च्याच शरीरात घडत होता आणि त्यातला नवा उपप्रकार पुढे ख पर्यंत पोहोचला असावा. हा दिशेचा चांगला पुरावा आहे, अर्थात प्रयोगशाळेत क आणि ख यांचे नमुने एकमेकांत मिसळले नसतील तरच. म्हणून अशा वेळी, तसेच दोन नमुन्यांतील फरक शून्य निघाला तर, प्रथम प्रयोगशाळेची नोंदवही काढावी. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच जैवसुरक्षा कपाटात, एका पाठोपाठ हाताळले गेले असतील, तर मूळ थुंकीपासून पुन्हा सुरुवात करावी. एखाद्याला क्षय नसताना कित्येक महिने विषारी औषधे घ्यावी लागणे हा अन्याय केवळ या तपासणीने टळू शकतो.

आणि ग ला ख कडूनच संसर्ग झाला का? जीनोम एवढेच सांगतो की ग चा जीवाणू ख च्या जीवाणूच्या वंशातला किंवा त्याच्या निकटचा आहे. दोघांच्या मध्ये नोंद न झालेला तिसरा कामगार असू शकतो, किंवा क च्या शरीरातील नवा उपप्रकार ख आणि ग दोघांकडे स्वतंत्रपणे गेलेला असू शकतो. कोण केव्हा खोकत होते, कोणाच्या थुंकीत जीवाणूंची श्रेणी जास्त होती आणि कोणत्या पाळीत कोण कोणासोबत होते, या नोंदींशिवाय यातली एकही शक्यता दूर करता येत नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका वस्तीत २००६ ते २००८ या काळात क्षयाचा जो उद्रेक झाला, त्याच्या तपासात हेच घडले. डीएनएच्या मोजक्याच भागांची तुलना करणाऱ्या जुन्या ठसे-पद्धतीने सगळे जीवाणू एकसारखे दिसत होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ नमुन्यांचे जीनोम वाचले गेले, तेव्हा ते दोन वेगळ्या कुळांचे निघाले. म्हणजे एकाच वेळी दोन उद्रेक चालू होते. एवढ्याने कारण कळले नसते. रुग्णांच्या सामाजिक संपर्कांच्या सविस्तर मुलाखतींतून असे दिसले की त्या वस्तीत क्रॅक कोकेनचे सेवन वाढले होते आणि संसर्ग त्या वर्तुळातून पसरला होता.

वंशवृक्ष काढण्यासाठी आयक्यू-ट्री पुरेसे आहे. फक्त बदललेल्या अक्षरांचीच मांडणी दिली असेल, तर त्यासाठीची दुरुस्ती चालू करावी, नाहीतर फांद्यांची लांबी फुगते. लहान गटासाठी मात्र वृक्षापेक्षा अंतरांचा साधा तक्ता आणि बदललेल्या अक्षरांची यादी अधिक बोलकी असते, आणि ती डोळ्यांनी वाचण्याची सवय प्रत्येक तपासनिसाने लावून घ्यावी.

इतर जीवाणूंसाठी

हीच रीत इतर जीवाणूंना जशीच्या तशी लावू नये. क्षयाचा जीवाणू परक्या जीवाणूंकडून डीएनए जवळजवळ घेत नाही. न्यूमोकोकस किंवा क्लेबसिएला हे जीवाणू मात्र तो घेतात. अशा वेळी गबिन्ससारख्या साधनाने उसने आलेले तुकडे आधी ओळखून वगळावे लागतात, आणि प्रतिकार-जनुके प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य जीनोमबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर, बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात जात असतील, तर त्यांचा माग लांब रीड्सशिवाय लागत नाही. पाच आणि बारा हे आकडेही तेथे निरुपयोगी आहेत. प्रत्येक जीवाणूची बदलण्याची गती निराळी असते.

हैतीमध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेल्या पटकीच्या साथीत तेथील आणि नेपाळमधील काही नमुन्यांमध्ये अवघ्या एक-दोन अक्षरांचा फरक आढळला. तरीही उगम निश्चित झाला तो पहिले रुग्ण आर्टिबोनाइट नदीच्या उपनदीकाठी, नेपाळी शांतिसैनिकांच्या छावणीच्या खालच्या बाजूला सापडले या क्षेत्रीय तपासाच्या जोडीने.

अहवाल आणि गोपनीयता

अहवालात ‘क ने ख ला क्षय दिला’ असे वाक्य कधीही लिहू नये. ‘या तिघांचे जीवाणू निकटच्या वंशाचे आहेत आणि अलीकडच्या संसर्गाशी सुसंगत आहेत, सामायिक कामाच्या ठिकाणी संपर्कातील व्यक्तींची तपासणी करावी’ एवढेच पुराव्याला धरून आहे. क्षयाचे निदान झाल्यावर आजही लग्ने मोडतात आणि नोकऱ्या जातात. साखळीचा नकाशा गावात फुटला, तर ज्याच्याकडून संसर्ग सुरू झाला असे लोकांना वाटेल त्याला तेथे राहणे कठीण होईल आणि पुढचा रुग्ण तपासणीला येणार नाही. म्हणून नकाशावर गाव किंवा वॉर्ड दाखवू नये, प्रयोगशाळेत निक्षय क्रमांकाऐवजी (सरकारच्या क्षयरुग्ण नोंदणीतील क्रमांकाऐवजी) वेगळा संकेत वापरावा, आणि दोहोंची सांगड घालणारी यादी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी.

निकाल क्षेत्रीय पथकाकडे पहिल्या गटाच्या वेळीच पाठवावा. सगळे नमुने पूर्ण होण्याची वाट पाहू नये. कारखान्यातील क्ष-किरण तपासणी आणि हवा खेळती करण्याचे काम तीन रुग्णांच्या पुराव्यावरही सुरू करता येते, आणि मूळ रीड्स सार्वजनिक संग्रहात ठेवण्याआधी त्यांतील मानवी डीएनएच्या रीड्स गाळून, तारखेच्या जागी केवळ वर्ष आणि ठिकाणाच्या जागी केवळ राज्य लिहून त्या जमा कराव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यात सापडणाऱ्या नमुन्याची तुलना त्यांच्याशी करता येईल.